घड्याळाचा काटा आणि घरातली पहाट



आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. त्यांचा मुलगा अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या बाजूला नोकरीला आहे. नातू पाच वर्षांचा. तो तिकडे रात्री साडेआठला झोपतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात सकाळचे सात वाजलेले असतात. मावशींनी त्याप्रमाणे आपली सकाळ बसवून घेतली होती. धार काढायची, दूध डेअरीवर पाठवायचं, चहा ठेवायचा आणि पावणेसातला मोबाइल हातात घ्यायचा. नातवाशी दहा मिनिटं बोलणं झालं की मग भाकरी थापायला बसायचं.

मार्चमध्ये एके दिवशी त्यांनी नेहमीच्या वेळेला फोन लावला, तर सून म्हणाली, "आई, तो झोपला. आमच्याकडे कालपासून घड्याळ एक तास पुढे गेलं." मावशी मला म्हणाल्या, "बाई, घड्याळ पुढे गेलं म्हणजे काय? सूर्य काय तिकडे लवकर उगवला का?" आता नातवाशी बोलायचं तर सहाच्या आत फोन करायला हवा, आणि सहाच्या आत तर धारा चाललेल्या असतात. म्हैस काही अमेरिकेच्या घड्याळावर पान्हा सोडत नाही.

मावशींचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. अमेरिकेत दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्याला याचं नवल वाटतं. पण सरकारी हुकूम निघाला आणि वेळ बदलली, असं आपल्या महाराष्ट्रातही घडलेलं आहे, आणि त्यावरून मोठा गोंधळही झाला आहे. आज त्याचीच हकीकत सांगते.

आधी घड्याळ नव्हतं तेव्हाचं बघू. आपल्या आज्या-पणज्या वेळ सांगायच्या ती आभाळ बघून. शुक्राची चांदणी वर आली की उठून जात्यावर बसायचं. मग कोंबडा आरवायचा, झुंजूमुंजू व्हायचं, तांबडं फुटायचं. कासराभर दिवस वर आला की न्याहारी, सूर्य डोक्यावर आला की दुपार, मग गुरं परतायची वेळ, दिवेलागण आणि निजानीज. पंचांगातला दिवसही सूर्योदयापासूनच धरतात. त्याच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. लग्नात मुहूर्त साधायला पाण्याच्या भांड्यात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायचे. ती भरून बुडाली की घटका भरली. काही घरांत ही रीत अजून पाळतात.

या पद्धतीत प्रत्येक गावाची दुपार आपापली असायची. पृथ्वी फिरते, त्यामुळे सूर्य पूर्वेकडच्या गावाच्या डोक्यावर आधी येतो आणि पश्चिमेकडच्या गावाच्या डोक्यावर नंतर. नकाशावरच्या उभ्या रेषांना रेखांश म्हणतात. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. आपल्या पाचोडला सूर्य मुंबईपेक्षा साधारण अकरा मिनिटं आधी डोक्यावर येतो. पण पूर्वी पाचोडहून मुंबईला जायला कितीतरी दिवस लागायचे. तिथे अकरा मिनिटांचा हिशोब कोण ठेवणार?

तो हिशोब ठेवायला लावला रेल्वेने. गाडी एका गावाहून सुटून तासाभरात दुसऱ्या गावी पोहोचायला लागली आणि प्रत्येक स्टेशनचं घड्याळ वेगळं असून चालेना. वेळापत्रक छापायचं कोणत्या वेळेनं? एकाच रुळावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून तर सगळ्यांची वेळ एक असणं जिवाच्या गरजेचं झालं. म्हणून हिंदुस्थानातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला जुनी वेधशाळा होती, आणि देशाच्या पूर्व-पश्चिम टोकांच्या मानाने ते गाव मधोमध पडत होतं.

मुंबईची सूर्याप्रमाणे चालणारी वेळ मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. त्यामुळे मुंबईत गावाची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी. घरच्या घड्याळात नऊ वाजले असतील, तर रेल्वेत साडेनऊ झालेले. ज्याने हे लक्षात ठेवलं नाही, त्याची गाडी चुकली. लोक या दोन वेळांना सरावले होते, कारण रेल्वेची वेळ फक्त प्रवासापुरती होती. घर, बाजार, नमाज, पूजा, जेवण हे सगळं गावच्या वेळेनं चालायचं.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की आता सरकारी कचेऱ्यांनीही मद्रासची वेळ पाळावी. म्हणजे सगळ्या शहराने अर्धा तास आधी उठावं. यावर मुंबईकर भडकले. ज्या गावाचा आपला काही संबंध नाही, त्या गावच्या सूर्यानं आपण का उठायचं, असं लोक विचारू लागले. काही कचेऱ्यांत नवी वेळ आणि बाकी शहरात जुनी वेळ, असा घोळ दोन वर्षं चालला. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ तेव्हा नुकतंच सुरू झालेलं होतं. ते कोणती वेळ दाखवणार, हाही वादाचा विषय झाला. शेवटी १८८३ साली सरकारने हुकूम मागे घेतला. मुंबईला आपली वेळ परत मिळाली.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. वीस-बावीस वर्षांनी सरकारने पुन्हा तोच विषय काढला. या वेळी मद्रासच्या जागी सगळ्या देशाला एकच प्रमाण वेळ ठरवली, म्हणजे आज आपण पाळतो ती. अलाहाबाद आणि मिर्झापूर यांच्या जवळून साडेब्याऐंशी अंशांची रेषा जाते. तिथल्या सूर्याची वेळ ही सगळ्या देशाची वेळ. इंग्लंडातल्या ग्रिनिच वेळेच्या ती बरोबर साडेपाच तास पुढे. रेल्वेने आणि तारखात्याने ती १९०५ मध्ये धरली आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबई सरकारने ती लागू केली. लोक तिला 'स्टँडर्ड टाइम' म्हणू लागले.

मुंबईची घड्याळं या हुकुमाने एकदम ३९ मिनिटं पुढे करायची होती. आणि काळ कोणता होता बघा. १९०५ च्या ऑक्टोबरात लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती. लोकांना न विचारता वरून आलेला प्रत्येक हुकूम लोकांना टोचत होता. त्यात घड्याळाचा हुकूम आला.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या एका कापडगिरणीतले हजारो कामगार गिरणीबाहेर जमले आणि काम करायला तयार होईनात. दगडफेकही झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'घड्याळांची लढाई' असं नाव मिळालं आहे. पण मला वाटतं, ही लढाई समजायची असेल तर घड्याळ सोडून चाळीतल्या एका खोलीत जाऊन बघायला हवं.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दर चार-पाच कामगारांमागे साधारण एक बाई असायची. पुष्कळ जणी कोकणातून, घाटावरून आलेल्या. त्यांचं काम बहुतेक रिळं भरण्याच्या, सूत गुंडाळण्याच्या खात्यात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला 'नायकीण' म्हणत. आता समजा, गिरणीचा भोंगा सकाळी सहाला होतो. बाई चार वाजता उठते, चूल पेटवते, भाकऱ्या करते, नळावर रांग लावून पाणी भरते, लेकराला शेजारणीकडे सोडते आणि अंधारातच गिरणी गाठते. जानेवारीत मुंबईला मुंबईच्या वेळेनं साधारण साडेसहाला उजाडतं. म्हणजे भोंगा झाल्यावर अर्ध्या तासाने तरी तिला उजेड दिसायचा.

गिरणीने घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं की भोंगा नव्या सहाला होणार, म्हणजे जुन्या पाच वाजून एकवीस मिनिटांना. त्या बाईला आता जुन्या घड्याळाने तीन वाजून वीस मिनिटांनी उठायला हवं. कोणी म्हणेल, मग संध्याकाळी ती तेवढीच लवकर सुटेल की! सुटेल. पण झोपायला लवकर मिळेल का? दुकानं, नळ, शेजार, नवऱ्याची पाळी, सगळं जुन्या वेळेनं चालू असलं, तर तिची रात्र जुन्या वेळेने आणि पहाट नव्या वेळेने. ३९ मिनिटं गेली कुठून? तिच्या झोपेतून.

त्यात त्या दिवसांत गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आलेले होते. त्याआधी सूर्य मावळला की काम थांबवणं भाग पडे. दिवे आले आणि काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. १९०५ मध्ये याविरुद्धही कामगारांनी आवाज उठवला होता. बायकांचं काम दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त असू नये, असा कायदा १८९१ साली झाला होता. कायद्याने गिरणीतले तास मोजले. घरच्या चुलीपुढचे तास कोणी मोजले नाहीत. तेव्हा घड्याळाचा काटा पुढे सरकलेला दिसला की कामगारांना शंका येणारच, की आता मालक आणखी काय काढून घेणार?

या कामगारांना अडाणी समजू नका. वेळ म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून, अर्ज-सभा करून रविवारची सुट्टी मिळवली, ती १८९० साली. तोवर गिरणीला आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. सुट्टीसाठी त्या वर्षी एप्रिलमध्ये कामगारांची जी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. वेळेसाठी लढण्याची सवय लागलेली ही माणसं होती.

शहरातल्या शिकलेल्या मंडळींनीही विरोध केला. मुंबई महानगरपालिकेत सर फिरोजशहा मेहता यांनी म्हटलं की सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची जुनीच वेळ ठेवली. मग काय, सरकारी कचेरीत एक वेळ, महापालिकेच्या घड्याळात दुसरी. बोलावणं आलं की पाहुणा आधी विचारायचा, "मुंबई टाइम का स्टँडर्ड टाइम?" जुन्या लग्नपत्रिका कुणाच्या ट्रंकेत असतील तर काढून बघा. मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरं सापडतील. ती याच भानगडीमुळे छापायची पाळी आली. आणि हा दुवेळीपणा थोडाथोडका नाही, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर १९५० च्या दशकापर्यंत टिकला. जवळजवळ दोन पिढ्या मनातल्या मनात ३९ मिनिटं मिळवत आणि वजा करत जगल्या.

आपला हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. पाचोड, पैठण, औरंगाबाद सगळं निजामाच्या राज्यात. इथे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली. आपल्याकडे घड्याळापेक्षा मोठा घोळ होता तो सालाचा. घरच्या पंचांगात शक, सरकारी कागदात फसली सन, मशिदीत हिजरी आणि रेल्वेत इंग्रजी. जुन्या सातबाऱ्याच्या कामाला गेलेल्या बायांना माहीत असेल, निजामाच्या वेळच्या कागदावर १३५० फसली असं काही लिहिलेलं असलं की त्यात ५९० मिळवायचे, मग साधारण इंग्रजी साल कळतं. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आलं, त्यानंतर हळूहळू हे एका हिशोबात आलं.

तिकडे ब्रिटिश मुलखात घड्याळ आणखी एकदा पुढे गेलं, ते दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने प्रमाण वेळ आणखी एक तास पुढे केली. 'भारत छोडो'ची हाक देऊन तीन-साडेतीन आठवडेच झाले होते, पुढारी तुरुंगात होते. कारण असं की संध्याकाळचा उजेड जास्त वेळ वापरता यावा आणि दिवाबत्ती वाचावी. मुंबईचं घड्याळ तेव्हा मुंबईच्या सूर्याच्या एक तास ३९ मिनिटं पुढे होतं. हिवाळ्यात आठ वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसायचा. युद्ध संपल्यावर १५ ऑक्टोबर १९४५ ला तो तास परत मागे घेतला. आज आपल्या देशात घड्याळ पुढे-मागे होत नाही.

ही एक तास पुढे करायची पद्धत मुळात थंड देशांतली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली जर्मनीने कोळसा वाचवायला ती सुरू केली आणि काही आठवड्यांतच इंग्लंडने उचलली. तिकडे त्यात काही अर्थ तरी आहे. लंडनला उन्हाळ्यात दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि हिवाळ्यात आठ तासांचाही नसतो. उन्हाळ्यात पहाटे चारच्या आधी उजाडून तो उजेड झोपेत वाया जाण्यापेक्षा संध्याकाळी वापरावा, असा तो विचार. आपल्या पाचोडला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा. दोन-सव्वादोन तासांच्या फरकात वाचवणार काय? आपल्या शेजारी बांगलादेशाने २००९ मध्ये वीज वाचवायला हा प्रयोग केला. जूनमध्ये घड्याळ एक तास पुढे केलं. हिवाळा आला तशी लेकरं अंधारात शाळेला निघायला लागली, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला ते घड्याळ परत मागे आणावं लागलं.

उलट एक उदाहरण आपल्याच देशात आहे. आसाम पूर्वेला, तिथे सूर्य आपल्यापेक्षा कितीतरी आधी उगवतो. तिथल्या चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून 'बागान टाइम' आहे. मळ्यातलं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. चहाची पानं खुडणाऱ्या बहुतेक बायाच असतात. उजेडाबरोबर काम सुरू आणि उजेड असतानाच घरी. तिथे घड्याळ पुढे गेलं ते तिथला सूर्यच लवकर उगवतो म्हणून. मुंबईत घड्याळ पुढे गेलं आणि सूर्य मागेच राहिला.

यावरून कोणी असं समजू नये की प्रमाण वेळ वाईट. ती नसती तर एसटीचं वेळापत्रक नसतं, परीक्षेचे पेपर सगळीकडे एकदम सुरू झाले नसते, आणि मी आत्ता तुमच्याशी बोलते आहे तेही तुम्हाला ठरल्या वेळी ऐकू आलं नसतं. देशाला एक वेळ हवीच. मुंबईच्या लोकांनीही ती शेवटी स्वीकारली. पण वेळ बदलताना ज्याचं आयुष्य बदलणार त्याला विचारावं, ही त्यांची मागणी खरी होती. आणि सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते घरात सगळ्यांच्या आधी उठणारीला. तिला त्या वेळी कोणी विचारलं नाही.

आज आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, पण वेळा बदलतातच. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायचं तर शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा येते आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. माणूस रात्री बारा वाजता मोटार सुरू करायला निघाला, की घरातली बाई जागी. साप-किरडाच्या काळजीने तिचा डोळा लागत नाही. आणि सकाळी धारा, डबे, शाळा नेहमीच्याच वेळेला. नळाला पाणी कधी येणार, ती वेळ बदलली की बदलतो तो बाईचाच दिवस.

बदल चांगल्या बाजूनेही होऊ शकतो. लेकरांची झोप पुरी होत नाही, असं बोललं जाऊ लागलं, तेव्हा राज्य सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. म्हणजे झोपेचा विचार करून वेळ ठरवता येते. लेकरांच्या झोपेचा विचार झाला, तसा आईच्या झोपेचाही व्हायला हरकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, ग्रामसभेत पाण्याच्या वेळेचा विषय निघेल, शाळेच्या पालकसभेत वेळेचा विषय निघेल, बचतगटाची बैठक कधी घ्यायची हे ठरेल, तेव्हा गप्प बसू नका. "ही वेळ आम्हाला जमत नाही, कारण त्या वेळेला आमच्या हातात हे काम असतं," एवढं उभं राहून सांगा. १८९० साली दोन गिरणी कामगार बाया हजारोंच्या सभेत बोलल्या होत्या. आपली ग्रामसभा त्याहून लहानच आहे.

आणि आमच्या मावशींचं काय झालं? त्यांनी सुनेला सांगितलं, "तुमचं घड्याळ तुम्ही पुढे केलं, माझी म्हैस मी पुढे करू शकत नाही. रविवारी तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा मला फोन करा, माझी संध्याकाळची कामं तोवर आवरलेली असतात." सुनेने ते ऐकलं. आता दर रविवारी संध्याकाळी दिवेलागण झाली की मावशींचा मोबाइल वाजतो. तिकडे नातू दूध पीत असतो आणि इकडे मावशी ओट्यावर निवांत बसलेल्या असतात.

नमस्कार.